आयबीएम एसव्हीसी: अ‍ॅरे बदलायच्या दिवशी पैसे वसूल

स्टोरेजचा वेग वाढेल म्हणून आयबीएमचा सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर (एसव्हीसी) घेणार असाल, तर थांबा. २००३ पासून बाजारात असलेल्या या उपकरणाची किंमत वसूल होते ती जुनी अ‍ॅरे (अनेक डिस्कचं स्टोरेज यंत्र) काढताना. वॉरंटी संपलेल्या अ‍ॅरेची एएमसी (वार्षिक देखभाल करार) महाग पडते, पण डेटा हलवायला डाउनटाइम (काम बंद ठेवायची वेळ) मिळत नाही म्हणून ती भरत राहावी लागते. तिथे एसव्हीसी कामाला येतो.

तो सर्व्हर आणि अ‍ॅरे यांच्या मधोमध सॅनवर, म्हणजे स्टोरेजच्या खास नेटवर्कवर, बसतो. त्याचे नोड (एसव्हीसीची यंत्रं) जोडीनेच घ्यावे लागतात. लिहिलेला डेटा दोन्ही नोडच्या कॅशमध्ये (वेगवान तात्पुरत्या मेमरीत) पोचला, की मगच होस्टला, म्हणजे सर्व्हरला, होकार जातो. एक नोड बंद पडला तरी काम चालू राहतं, मात्र उरलेला नोड कॅशच्या भरवशावर न राहता थेट अ‍ॅरेवर लिहितो आणि राइट लेटन्सी (लिहायला लागणारा वेळ) चढते. फर्मवेअर अपडेटमध्ये नोड एकेक करून रीस्टार्ट होतात, तेव्हाही हेच होतं. महिनाअखेरीला अपडेट लावू नका.

चालू डेटा एसव्हीसीत घेताना इमेज मोड वापरायचा, म्हणजे डेटा जागचा न हलवता एसव्हीसीमार्फत दाखवायचा. होस्ट बंद करा, जुनं लन (अ‍ॅरेने दिलेली डिस्क) होस्टकडून काढून फक्त एसव्हीसीला दाखवा, त्यावर इमेज मोडचा व्हॉल्यूम (एसव्हीसी होस्टला दाखवतो ती डिस्क) बनवा, तो होस्टला मॅप करा, मल्टिपाथ (डिस्कपर्यंतचे एकाहून जास्त मार्ग) तपासा, होस्ट सुरू करा. डाउनटाइम एवढाच, पुढचं स्थलांतर चालू कामात होतं. घात होतो तो दोन ठिकाणी. तेच लन घाईत साध्या पूलमध्ये (लनच्या एकत्र साठ्यात) घातलं, तर त्यावरचा डेटा गेलाच म्हणून समजा. आणि जुनं मास्किंग (कोणतं लन कोणाला दिसेल ही नोंद) काढायचं राहिलं, तर होस्ट आणि एसव्हीसी दोघंही त्याच लनवर लिहितात. फाइल सिस्टिमची वाट लागते.

जुन्या आणि नव्या पूलच्या एक्स्टेंटचा (जागेच्या एका तुकड्याचा) आकार सारखा असेल तर व्हॉल्यूम थेट हलतो. नसेल तर व्हॉल्यूमची दुसरी कॉपी नव्या पूलमध्ये बनवायची, सिंक झाली की जुनी काढायची. इथे अनेकजण वैतागतात, कारण सिंक रेटची सेटिंग मुळात ५० असते आणि ५० म्हणजे सेकंदाला फक्त २ एमबी. १ टीबीला सहा दिवस! रेट ८० केला की १६ एमबी मिळतात, तेच काम साधारण १८ तासांत उरकतं. रात्री ८०, सकाळी पुन्हा ५०.

सगळ्यात मोठी चूक मात्र पहिल्याच दिवशी होते. व्हॉल्यूमचे एक्स्टेंट पूलमधल्या सगळ्या लनवर पसरलेले असतात. त्यातलं एक लन जरी ऑफलाइन गेलं तरी अख्खा पूल ऑफलाइन जातो. दोन अ‍ॅरे एका पूलमध्ये मिसळल्या, तर कुठल्याही एकीचा बिघाड दोन्हींवरचं काम बंद पाडतो. एका अ‍ॅरेचा एक पूल, हा नियम मोडू नका. लिहिलं जाईल तेवढीच जागा घेणाऱ्या थिन व्हॉल्यूमचंही तसंच: होस्टला जागा मोकळी दिसत असते, खाली पूल भरतो आणि व्हॉल्यूम ऑफलाइन जातो. पूल ८० टक्के भरला की इशारा ईमेलवर येईल अशी सोय करा. नुसता कन्सोलवर आलेला इशारा कोणी बघत नाही.

धंद्याच्या बाजूने पाहिलं, तर खरा फायदा निविदेच्या टेबलावर दिसतो. होस्टला समोर फक्त एसव्हीसी दिसतो, म्हणून मागची अ‍ॅरे पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची घेता येते, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. फ्लॅशकॉपी (डेटाची झटपट प्रत) आणि रेप्लिकेशन (दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणं) एसव्हीसीवरच चालतं, त्यामुळे प्रत्येक अ‍ॅरेसाठी ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. जुनी अ‍ॅरे टेस्ट आणि बॅकअपला ठेवता येते. परवाना मात्र मागे जोडलेल्या क्षमतेवर मोजला जातो. निविदेत पुढची वाढ धरूनच दर मागा. शिवाय बाहेर पडायची वाट खुली असते: व्हॉल्यूम पुन्हा इमेज मोडमध्ये आणून लन थेट होस्टला देता येतं.

एकच अ‍ॅरे असेल तर हा खर्च वाया आहे. सगळे सर्व्हर व्हीएमवेअरवर असतील तर त्याच्याच स्टोरेज व्हीमोशनने (चालू कामात डेटा हलवायची सोय) काम भागतं. एआयएक्स (आयबीएमची युनिक्स), फिजिकल लिनक्स आणि विंडोज अशी खिचडी, आणि मागे दोन-तीन कंपन्यांच्या अ‍ॅरे, अशा ठिकाणीच एसव्हीसीचं कोटेशन मागवा.