फायरवॉलला सिमवाला मोडेम: ब्रिज मोड की राउटर मोड?
राउटर मोडला काहीच करावं लागत नाही, सिम टाकलं, केबल फायरवॉलच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला लावली की नेट सुरू, पण मग नॅट (आतल्या आयपीच्या जागी बाहेरचा आयपी लावणं) दोनदा होतं आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवणं) मोडेम आणि फायरवॉल दोन्हीकडे करत बसावं लागतं, शिवाय टॉवरची लाइन गेली तरी फायरवॉलला मोडेमने दिलेला १९२.१६८वाला आयपी दिसतच राहतो. म्हणून फेलओव्हरला (एक लाइन गेली की दुसरीवर जाणं) बाहेरच्या आयपीवर पिंग चेक लावाच.

ब्रिजमध्ये मोडेम नॅट करत नाही, सिम कंपनीचा आयपी थेट फायरवॉलला मिळतो, व्हीपीएनची कटकट कमी. मी तरी ब्रिजच लावतो. फक्त आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला आला तर समजा कंपनीच नॅट करतेय, मग बाहेरून आत यायला ब्रिजचाही उपयोग नाही. आणि मोडेमच्या सेटिंग पेजचा पत्ता आधीच लिहून ठेवा, नंतर शोधताना जीव जातो.