पाच वर्षे भरू द्यावीत की आधीच निघावे: ढिसाळ कारखाना सोडताना मांडलेला हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी पाच वर्षांहून थोडा अधिक काळ काम केले, तेथील स्टोअर सांभाळणारे एक जुने सहकारी मागच्या महिन्यात गुरुवारच्या सुट्टीला घरी आले होते. त्यांना तेथे साडेचार वर्षे झाली आहेत आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीतून बोलावणे आले आहे. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे पाच वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, पाच वर्षे भरेपर्यंत थांबावे, की लगेच राजीनामा द्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. काही वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नापाशी अडलो होतो आणि थांबलो होतो. तो निर्णय चुकला असे आज मला वाटते, परंतु प्रत्येकाचाच चुकेल असे नाही, म्हणून दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहतो.

आधी पैशांचे पाहू, कारण चर्चा तेथूनच सुरू होते. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने घालून दिलेले सूत्र असे आहे, की शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांना 15 ने गुणून 26 ने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणावे. माझा मूळ पगार आणि भत्ता मिळून 19,500 रुपये होते, म्हणजे ग्रॅच्युइटी वर्षाला 11,250 आणि पाच वर्षांचे 56,250 रुपये. मला पहिले बोलावणे आले तेव्हा चार वर्षे आणि तीन महिने झाले होते आणि नव्या ठिकाणी हातात महिना 8,000 रुपये जास्त मिळणार होते. पाच वर्षांना नऊ महिने उरले होते. त्यातला नोटिशीचा एक महिना कोणत्याही वाटेने गेलो तरी जुन्याच पगारावर काढावा लागणार होता, म्हणून तो वगळला, तर आठ महिन्यांचे 64,000 रुपये मी सोडले आणि 56,250 मिळवले. तोटा फार मोठा नाही. मात्र या हिशेबात मी एक गोष्ट धरली नव्हती. समोरची कंपनी माझी पाच वर्षे भरण्याची वाट पाहत बसणार नव्हती. ती जागा दुसऱ्याने घेतली, पाच वर्षे झाल्यावर मला तशीच नोकरी नव्याने शोधावी लागली आणि त्यात आणखी दोन महिने, म्हणजे 16,000 रुपये गेले.

स्वतःचा हिशेब करणाऱ्याला यातून एक सोपी रीत काढता येते. मिळू शकणाऱ्या ग्रॅच्युइटीला पगारातील मासिक फरकाने भागावे. माझ्या बाबतीत उत्तर सातच्या आसपास येते. नोटीस वगळून त्याहून कमी महिने उरले असतील, तर थांबणे पैशांच्या दृष्टीने फायद्याचे, आणि जास्त उरले असतील, तर थांबणे म्हणजे आपल्याच खिशातले पैसे उशिराने परत घेणे. पगारात फरक थोडाच पडणार असेल, तर थांबण्याचे पारडे साहजिकच जड होते.

याच ठिकाणी दोन गैरसमजही दूर करायला हवेत. पाच वर्षांची अट भविष्यनिर्वाह निधीलाही आहे असे समजून अनेक जण अडकून राहतात. पाच वर्षांच्या आत तो निधी काढून घेतल्यास त्यावर कर लागू शकतो हे खरे, पण तो न काढता नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग केला, तर आधीची सेवा धरली जाते. त्यामुळे नोकरी बदलण्याने तेथे काही बुडत नाही. दुसरा गैरसमज असा, की चार वर्षे आणि 240 दिवस झाले की ग्रॅच्युइटी आपोआप हातात पडते. पाचव्या वर्षी 240 दिवस भरले, तर ते वर्ष पूर्ण धरावे असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे आणि पुष्कळ कंपन्या तसे मानतातही. परंतु जेथे साधी पगाराची चिठ्ठी मागितली तरी आठवडा जातो, तेथे हा मुद्दा तुम्हाला ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर जाऊन मांडावा लागेल, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. कायम नोकरीवरील माणसाला मात्र पाच वर्षांची अट अजून आहेच.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, जिला आकडे लावता येत नाहीत आणि जी मी तेव्हा हिशेबात धरली नव्हती.

आमचे शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. एका जुन्या लेथवर त्यांनी सुरुवात केली होती आणि मशीनचा नुसता आवाज ऐकून कोणते बेअरिंग गेले आहे हे ते सांगत. पण एका मशीनच्या काळातली कारभाराची पद्धत चाळीस मशीन झाल्यावरही त्यांनी सोडली नाही. पाचशे रुपयांच्या वरच्या प्रत्येक खरेदीवर त्यांचीच सही लागे आणि कार्बाइड इन्सर्टचे, म्हणजे मशीनला लावायच्या धातू कापणाऱ्या लहान पात्यांचे, कपाट कुलपात असून किल्ली त्यांच्या खिशात असे. शेठ संध्याकाळी सहाला घरी जात. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकरापर्यंत चाले. इन्सर्टची धार गेली, की ऑपरेटरपुढे दोनच मार्ग उरत, मशीन बंद ठेवून सकाळी उत्पादन कमी का आले याचे उत्तर देणे, किंवा झिजलेल्या इन्सर्टवरच जॉब, म्हणजे सुटे भाग, काढत राहणे. शहाणा माणूस दुसरा मार्ग धरे. एकदा अशाच रात्री निघालेले, बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, माप बिघडलेले जॉब थेट ग्राहकाच्या असेंब्ली लाइनपर्यंत पोहोचले. त्यांनी माल अडवला, आमची चार माणसे आठवडाभर त्यांच्या आवारात एकेक जॉब तपासत उभी राहिली, शेवटी नुकसानीची रक्कम आमच्याकडून वसूल करणारी डेबिट नोट आली आणि ती इन्सर्टच्या कित्येक डब्यांच्या किमतीहून मोठी होती. त्यानंतरच्या बैठकीत किल्लीचा विषय निघालाच नाही. ऑपरेटरचा दोन दिवसांचा पगार कापला गेला.

मी गुणवत्ता विभागात होतो. माल पाठवण्यापूर्वीच्या तपासणी अहवालावर माझी सही असे. प्रत्येक लॉटमधून पाच जॉब मोजून आकडे लिहावेत असा नियम होता, पण गाडी दारात उभी असे, तपासणीला माणूस एकच असे आणि वरून फोन येत असत. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी तर आम्ही मागच्या तीन महिन्यांचे राहिलेले कागद एकत्र बसून भरत असू, आणि सगळे एका दिवशी लिहिलेले दिसू नयेत म्हणून निळे, काळे, थोडे पुसट चालणारे असे वेगवेगळे पेन वापरत असू. पहिल्या वर्षी मला याची लाज वाटे. ज्या महिन्यांत मी केवळ ग्रॅच्युइटीसाठी थांबलो होतो, त्या महिन्यांत मी पेन निवडण्यात तरबेज झालो होतो. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात न मोजता आकडा लिहिण्यासाठी माझा हात आपोआप पुढे गेला आणि शेजारच्या मुलीने चकित होऊन माझ्याकडे पाहिले. थांबण्याची ही किंमत कोणत्याच सूत्रात बसत नाही.

म्हणून माझ्या मते खरी तुलना तुमच्या हातात काय आहे यावरून करावी. ज्याच्या सहीने चुकीचा माल किंवा चुकीचा आकडा बाहेर जातो, त्याने सूत्र थांबा म्हणत असले तरी लवकर निघावे. ज्याचे काम या भानगडीपासून दूर आहे, त्याने शांतपणे महिने मोजावेत.

थांबण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ढिसाळ व्यवस्थापनाच्या लहान कारखान्यात माणूस जेवढे शिकतो, तेवढे मोठ्या कंपनीत क्वचितच शिकतो, कारण लहान ठिकाणी कोणतेच काम ठरलेल्या माणसाकडे नसते. मी तेथे मशीनला ऑफसेट देणे, म्हणजे मापातली बारीक दुरुस्ती करणे, शिकलो, दर काढणे शिकलो, प्रसंगी गाडीत माल भरून ग्राहकाच्या दारापर्यंत गेलो. नव्या ठिकाणी इन्सर्ट हवा तेव्हा मिळतो, पण गेजमध्ये, म्हणजे माप तपासण्याच्या साधनात, साधा बदल सुचवायचा म्हटले, तरी चार विभागांची संमती लागते आणि नकार नेमका कोणी दिला हे अखेरपर्यंत कळत नाही. शेठ नाही म्हणत तेव्हा निदान समोर उभे राहून म्हणत. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे शिकणे पगारातील फरकाहून मोलाचे असते. चौथ्या वर्षापर्यंत ते बहुधा संपलेले असते. गेल्या सहा महिन्यांत आपण नवे काय शिकलो हे सांगता येत नसेल, तर थांबण्याचे एक मोठे कारण गळून पडले असे समजावे.

कोणताही निर्णय घेतला, तरी राजीनामा देण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहावे. प्रत्येक महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरलेली दिसायला हवी. पगारातून कापलेली वर्गणी न भरणे हा गुन्हा आहे आणि त्याची विचारणा नोकरीत असतानाच करणे सोपे जाते. सगळ्या पगारचिठ्ठ्या आणि नेमणूकपत्र घरी आणून ठेवावे. ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याजासह. माझी रक्कम दोन हप्त्यांत, चौथ्या महिन्यात आली आणि व्याज मी मागितले नाही. ते मागायला हवे होते. निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख जुना मालक टाकत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते.

आता माझ्या सहकाऱ्यांचे. त्यांचा मूळ पगार आणि भत्ता मिळून 21,000 रुपये आहेत, म्हणजे पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण 60,577 रुपये होते. नव्या ठिकाणी महिना 5,000 रुपये वाढतात, म्हणजे भागाकार बाराच्या आसपास, आणि त्यांचे उरले आहेत सहाच महिने. तपासणी अहवालावर त्यांची सही नसते. शिवाय चाकणच्या कंपनीची नवी लाइन सुरू व्हायला अवकाश असल्याने ती थांबायला तयार आहे. फक्त ते लेखी घ्यावे असे मी सुचवले. त्यांनी थांबावे, असेच मी त्यांना सांगितले. चहा घेऊन निघताना दारात चप्पल घालता घालता ते म्हणाले, की स्टोअरमध्ये आता संगणक आला आहे आणि कोणत्या कपाटात किती इन्सर्ट आहेत हे पडद्यावर दिसते, पण किल्ली अजून शेठांच्याच खिशात असते.