बिलात वेल्डिंग, पत्र्याखाली गोंद

बाजूने बसलेल्या धडकेत माझ्या गाडीचा डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा आणि दाराखालची सिल, दोन्ही चेपले होते. गॅरेजमालकाने अंदाजपत्रकात ‘पत्रा कापून नवीन, कंपनीच्या पद्धतीने स्पॉट वेल्डिंग’ (म्हणजे दोन पत्रे ठिकठिकाणी वितळवून टाक्यांनी जोडणे) असे स्वच्छ अक्षरांत लिहून दिले आणि बिलातही तेच लावले. गाडी दुसऱ्याच दिवशी हातात आली, तेव्हा मला त्याच्या तत्परतेचे कौतुक वाटले. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती.

काही महिन्यांनी डिकीत स्टेपनीखाली पाणी साचू लागले आणि सिलच्या कडेने रंगात केसासारखी चीर दिसू लागली, म्हणून गाडी दुसऱ्या डेंटरकडे नेली. त्याने आधी उजव्या, म्हणजे धक्का न लागलेल्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरचे रबर ओढून काढले. पत्र्याच्या ओठावर वाटाण्याएवढे गोल खळगे ओळीने दिसत होते. हेच कारखान्यातले स्पॉट वेल्ड. डाव्या बाजूचा ओठ मात्र पाटीसारखा सपाट होता, त्यावर एकही टाका नव्हता. मग त्याने चिरेत पातळ पाते सरकवले, तशी ॲडहेसिव्हची पट्टी खपलीसारखी अख्खी निघून आली आणि तिच्याखाली गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा चमकत होता. पत्रा घासून उघडा केलाच नव्हता. जोड लोखंडाला नव्हे, रंगाला चिकटला होता.

ॲडहेसिव्ह वापरणे म्हणजेच लबाडी, असे मी म्हणत नाही. दोन घटकांचे इपॉक्सी कारखान्यांतही वापरतात. त्यात उष्णता लागत नसल्याने पातळ पत्रा वाकत नाही आणि जस्ताचा थर जळत नाही. पण हा जोड सरकवणाऱ्या ताणाला जितका खंबीर, तितकाच कडेपासून सोलणाऱ्या ताणाला कच्चा असतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या जोडीला स्पॉट वेल्ड किंवा रिव्हेट सांगितलेले असतात. शिवाय ते पुरते घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तोच वाचवला की गाडी दुसऱ्या दिवशी मिळते. कुठे काय वापरायचे हे उत्पादकाच्या दुरुस्ती मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. सिल तर धडकेचा भार पेलणारा भाग, तिथे गॅरेजवाल्याची मर्जी चालत नाही.

२०१७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये ज्यूरीने एका दुरुस्ती केंद्रावर ३ कोटी १५ लाख डॉलरच्या भरपाईची जबाबदारी टाकली, ती नेमक्या याच कारणावरून. त्या केंद्राने होंडा फिट या गाडीचे छप्पर उत्पादकाने सांगितलेल्या वेल्डिंगऐवजी ॲडहेसिव्हने बसवले होते, आणि ती गाडी पुढे जुनी म्हणून विकत घेणाऱ्या दांपत्याला याची कल्पनाही नव्हती. हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला, कारण मधल्या काळात मीही माझी गाडी विकायला काढली होती.

मालकाला पट्टी दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, हल्ली कंपनीसुद्धा चिकटवतेच की.” मग बिलात वेल्डिंग का लावले, या प्रश्नावर तो पुन्हा फुकट चिकटवून द्यायला तयार झाला. मी काम दुसरीकडे करून घेतले आणि प्रायमर मारण्याआधीची छायाचित्रे मागून ठेवली. त्यांत सिलवरचे टाके एकेक करून मोजता येतात.