सेमाग्लुटाइडची गोळी : काही महिन्यांच्या वापरानंतर

टाइप २ मधुमेहासाठी ही गोळी सुरू केली तेव्हा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६ होतं, आता ७ आहे. वजनही उतरलंय. पण मला खरं अप्रूप भुकेचं. कॉलेज रोडला मिसळ खायला गेलो की दुसऱ्या पावाकडे हातच जात नाही. तर्री जास्त झाली तर मात्र संध्याकाळपर्यंत पोट जड राहतं.

आधी ग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू होती. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, साखर वाढवणारं ग्लुकागॉन कमी करतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवतं. पण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला एक-दोन मिनिटांतच मोडून टाकतं. ग्लिप्टिन त्या एन्झाइमला अडवते. सेमाग्लुटाइड थेट जीएलपी-१ च्याच रिसेप्टरवर काम करतं आणि सहज मोडत नाही, रक्तात निम्मं व्हायलाच त्याला आठवडा लागतो. म्हणून डॉक्टरांनी ग्लिप्टिन बंद केली. साखर वाढलेली असेल तेव्हाच सेमाग्लुटाइड इन्सुलिन वाढवतं, त्यामुळे एकट्याने शुगर सहसा लो होत नाही. सोबत ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) असेल तर होऊ शकते. माझा तो डोस निम्मा केला.

जड जातं ते सकाळचं. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी गोळी, पाणी १२० मिलीपेक्षा जास्त नाही, पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. गोळी जठरातच शोषली जाते आणि जेमतेम एक टक्का रक्तात पोचते, त्यामुळे हा नियम मोडून चालत नाही. मी गोळी घेऊन जॉगिंग ट्रॅकवर जाते, चहा घरी आल्यावर. माझी थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच लागते. ती डॉक्टरांनी रात्री झोपताना घ्यायला सांगितली. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या, कारण सेमाग्लुटाइडने थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

पहिला महिना ३ मिग्रॅवर सुखाचा गेला. ७ मिग्रॅला मळमळ आणि बद्धकोष्ठ, दोन्ही. थोडं थोडं खाल्लं, तळलेलं टाळलं, तेव्हा कमी झालं. भूक नाही म्हणून नुसत्या चहा-बिस्किटांवर राहू नका, स्नायू झडतात. मूग, अंडी, पनीर ताटात हवंच.

सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली तर रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला होणारी इजा) बळावू शकते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. खर्च दर महिन्याला जाणवतो. १४ मिग्रॅचा विषय निघाला होता, पण सध्या ७ वरच राहायचं ठरलंय.