लाल रेघेच्या मोहात झालेली फसवणूक

रॉ डेनिम, म्हणजे मागावरून उतरल्यावर न धुताच शिवलेली जीन्स, वापरणाऱ्यांना पायाची कड बाहेर दुमडून आतली लाल रेघ मिरवण्याची खोड असते. ती मलाही आहे आणि माझी फसवणूक तिच्यामुळेच झाली.

एका अनोळखी विक्रेत्याकडून मी न वापरलेली जीन्स घेतली. कापड सेल्व्हेज, म्हणजे विणतानाच काठ बंद झालेले आहे (लाल रेघ त्याच काठावर असते), सॅन्फोराइझ केलेले, म्हणजे धुताना आटू नये म्हणून आधीच आटवलेले नाही आणि अमेरिकेतील ग्रीन्सबरोच्या व्हाइट ओक गिरणीच्या शिल्लक साठ्यातले आहे, असे त्याने सांगितले. ती गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली हे मला ठाऊक होते, त्यामुळे ‘पुन्हा मिळणार नाही’ या बोलण्याला मी लगेच भुललो. बंद गिरणीचे नाव घेणे विक्रेत्याला किती सोयीचे असते, हे तेव्हा सुचले नाही. छायाचित्रे आली ती फक्त दुमडलेल्या कडेची. जीन्स उलटी करून बाहेरची शिवण कमरेपासून खालपर्यंत दाखवा, असे मी दोनदा कळवले आणि दोन्ही वेळा तीच कड अधिक जवळून टिपून आली. तिथेच थांबायला हवे होते.

सॅन्फोराइझ न केलेले कापड पहिल्या भिजवणीत साधारण सात ते दहा टक्के आटते, म्हणून त्याच्याच सल्ल्याने दोन मापे मोठी जीन्स मागवली आणि आल्यावर गरम पाण्यात भिजत घातली. नीळ सुटून पाणी निळे व्हायला हवे होते, ते जेमतेम मळकट झाले. वाळल्यावर मोजले तर कंबर अर्धा इंचही आटली नव्हती. कापड एकतर सॅन्फोराइझ केलेले किंवा आधीच धुतलेले असणार. हाताला लागणारा कडकपणा नुसत्या खळीचा होता.

मग बाहेरची शिवण उसवली. धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा काठाशी न तुटता मागे वळतो, त्यामुळे काठ आपोआप बंद होतो आणि त्याला ओव्हरलॉक लागत नाही. असे दोन काठ उलगडून दाबले की महिनोन्महिने वापरल्यावर शिवणीलगत दोन समांतर फिकट रेषा उमटतात, आणि आमच्यासारखे लोक त्यासाठीच जीव टाकतात. इथे मात्र कापलेल्या कडेवर ओव्हरलॉक होते आणि त्यावर लाल रेघेची पांढरी पट्टी वेगळी शिवली होती, तीही गुडघ्यापर्यंतच. खरे तर उसवायचीही गरज नव्हती. विणीचा काठ सरळ असतो, त्यामुळे सेल्व्हेज जीन्स गुडघ्याखाली निमुळती करायची तर कापड आतल्या शिवणीकडून कापावे लागते. माझ्या जीन्सची बाहेरचीच शिवण आत वळत होती. जमिनीवर सपाट पसरली असती तर ते दिसले असते, पण मी आरशासमोर कड दुमडण्यात गुंतलो होतो.

विक्रेत्याला पट्टीची छायाचित्रे पाठवली. आधी ‘जुन्या साठ्यात असे असते’ असे उत्तर आले, आणि पैसे परत मागितल्यावर, शिवण उसवल्यामुळे माल परत घेता येणार नाही, असे. पुरावा मिळवताना मी स्वतःच परतीचा रस्ता बंद केला होता. अशी जीन्स हाती आली तर पाण्यात घालण्याआधी ती सपाट पसरून कंबर व पायाची लांबी मोजावी, उलटी करून बाहेरची शिवण वरपासून खालपर्यंत टिपावी आणि शंका वाटताच, काहीही न उसवता, तेवढ्यावरच तक्रार करावी. माझ्या शेवटच्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही.