टायमिंग बेल्ट तुटल्यावर गाडी कुठं सोडायची: कंपनीच्या वर्कशॉपला की उद्यमनगरात?

टोइंगवाल्यानं गाडी वर चढवली, साखळ्या आवळल्या आणि विचारलं, ‘‘साहेब, सोडायची कुठं? शोरूमला का गॅरेजला?’’ पेठ नाक्याच्या अलीकडं, दुपारचे अडीच. गॅरेज म्हणजे आमच्याकडं उद्यमनगर, गॅरेजं आणि मशिनशॉपांची वसाहत. मी फार विचार न करता ‘शोरूम’ म्हणून मोकळा झालो. त्या एका शब्दापायी पुढं बारा दिवस आणि साडेआठ हजार रुपये ओपनिंग चार्जेस (इंजिन नुसतं उघडून बघायचे पैसे) गेले. म्हणून हा प्रपंच. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. अशा इंजिनात तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात.

गाडी कोणती ते सांगत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर घसरेल. दीड लिटरचं डिझेल इंजिन, आठ व्हॉल्व्हचं. डस्टर डिझेल, पोलो टीडीआय, इकोस्पोर्ट डिझेल, जुनी अडीच लिटरची इनोव्हा, या सगळ्या बेल्टवाल्याच गाड्या. यातली एखादी तुमच्याकडं असेल तर पुढं वाचा. 1.3 मल्टिजेट या डिझेल इंजिनवाल्यांना बेल्टऐवजी चेन आहे. चेनचे भोग वेगळे, ते पुन्हा कधीतरी.

बेल्ट तुटताना मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. ऐंशीच्या वेगात इंजिन नुसतं गप्प झालं. कडेला घेऊन सेल मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरलं. कॉम्प्रेशनच नसल्यावर स्टार्टरला जोर लागणार कशाला? मी पुन्हा एकदा सेल मारला. तो मारायला नको होता. एखादा व्हॉल्व्ह वाचला असेल तर दुसऱ्या सेलला तोही जातो.

शोरूमच्या याच वर्कशॉपनं 92,000 किलोमीटरला बेल्ट बदलला होता आणि तुटला 1,18,000 ला. म्हणजे चूक त्यांचीच, ते ती निस्तरतील, असं माझं भाबडं गणित. विम्याकडून काही मिळत नाही, ते आधीच सांगतो. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं असलं तरी ते प्रामुख्यानं पाणी शिरणं किंवा ऑइल गळून इंजिन जाणं यासाठी असतं. टोइंगचे पैसे वाचले, एवढंच.

कंपनीच्या वर्कशॉपच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. जॉब कार्ड होतं, एस्टिमेट ई-मेलवर येतं, बिल जीएसटीसकट मिळतं, कामावर छापील वॉरंटी असते. सुटे भाग खरे की खोटे हा प्रश्न उरत नाही. बसायला एसी, सोफा, कॉफी. एस्टिमेट आलं 1,84,000 चं, खाली टीप: ‘इंजिन उघडल्यावर रकमेत वाढ होऊ शकते’. आकडा बघून घाम फुटला, पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. त्यांच्याकडं व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कापायची, गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) बदलायची सोय नसते. अख्खं हेड असेंब्ली, म्हणजे व्हॉल्व्हसकट इंजिनचा वरचा भाग, नवं मागवून बसवायचं, ही त्यांची पद्धत. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. गाडी वॉरंटीत असती तर मीही डोळे मिटून सही केली असती.

खटकलं ते दुसरंच. सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा चांगला होता, पण काचेच्या अलीकडचा. इंजिन उघडणारा मेकॅनिक काचेच्या पलीकडं. दोघांच्या मध्ये मी. मी विचारायचो, तो आत जायचा, दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगायचा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘‘सर, बाहेरून खडा गेला असणार. बेल्टचा दोष नाही, आमच्या फिटिंगचाही नाही.’’ मी म्हटलं, ठीक, मग तुटलेला बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) मला द्या. बेल्ट दोन दिवसांनी मिळाला, प्लास्टिकच्या पिशवीत. टेन्शनर मात्र ‘स्क्रॅपमध्ये गेला’. अजून काम सुरू नाही, एस्टिमेटवर माझी सही नाही आणि टेन्शनर स्क्रॅपमध्ये! वर्क्स मॅनेजरना भेटलो. तेही सभ्यपणे म्हणाले, ‘‘सर, जुने पार्ट हवे असतील तर जॉब कार्डवर आधी लिहावं लागतं.’’ तसा रकाना खरंच होता. त्यावर खूण नव्हती आणि खाली माझी सही होती. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. पैसे, वेळ, दर्जा हे सगळं त्यानंतर आलं.

उद्यमनगरातला मेस्त्री मला एका फाउंड्रीवाल्या मित्रानं सांगितला. गाडी दुसऱ्यांदा टोइंगवर चढली. शेडमध्ये एकच प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय वेल्डिंग रॉडनं बांधलेला. मेस्त्रींनी गाडीकडं बघायच्या आधी पिशवीतला बेल्ट मागितला, उजेडात धरला आणि बोटांतून सरकवला. दात सगळे शाबूत. एक कड मात्र सुतळीसारखी उसवलेली, तिचे धागे बोटाला चिकटत होते.

‘‘खडा गेला असता तर एका जागी फाटला असता, दात उडाले असते. पंप नाहीतर बेअरिंग जाम झालं असतं तर दात सोलून निघाले असते. ऑइल गळत असतं तर रबर फुगलं असतं. ह्यो कडंनं खाल्लाय, साहेब. सरळ पळत नव्हता. टेन्शनर तिरका झाला असणार. टेन्शनर कुठाय?’’

आता काय सांगणार?

घरी जाऊन जुनं बिल काढलं. 92,000 च्या कामात ‘टायमिंग बेल्ट: 1’ अशी ओळ होती. टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) काही नाही. म्हणजे नव्या बेल्टला जुन्या टेन्शनरच्या भरवशावर सोडलेलं. किट म्हणून सगळं एकत्र मिळत असताना थोडे पैसे वाचवायला मी सांगितलं होतं की त्यांनी परस्पर ठरवलं, हे आज मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

हेड उघडायच्या दिवशी मेस्त्रींनी फोन करून बोलावून घेतलं. हा माणूस फोटो पाठवत नाही, बोलावतो. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे वळ उमटले होते, व्हॉल्व्हनं मारलेले. हेड उलटं ठेवून त्यांनी प्रत्येक खोलगटीत रॉकेल ओतलं. एकातलं तसंच उभं राहिलं, तिघांतलं पोर्टमधून खाली पाझरायला लागलं. मग काढलेला एकेक व्हॉल्व्ह काचेच्या तुकड्यावर घरंगळवून दाखवला. चांगला सरळ गेला, वाकडे टुणटुण करत गेले. मी काही इंजिनीअर नाही, पण त्या काचेवर जे दिसलं ते 1,84,000 च्या एस्टिमेटमध्ये दिसत नव्हतं. कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते बघायला चारही पिस्टन वर आणून डायल गेजनं उंची मोजली. सारखी निघाली. इथं फरक आला असता तर खर्च दुप्पट झाला असता, असं ते म्हणाले.

मशिनशॉपचं काम, आठ व्हॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, पूर्ण टायमिंग किट आणि वॉटर पंप, मजुरी धरून 71,500. नऊ दिवस लागले. हे आकडे माझ्या गाडीचे. तुमच्या इंजिनचा रॉड वाकला असेल किंवा कॅम मोडला असेल तर हिशेब पार बदलेल.

आता उद्यमनगरचे तोटे, कारण ते आहेत. ‘परवा’ म्हणजे परवा नसतं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितल्यावर मेस्त्रींनी लेटरहेड शोधायला अर्धा तास घेतला. सुट्या भागांची बिलं माझ्या नावावर यावीत म्हणून दुकानात मी स्वतः गेलो. गॅरंटी तोंडी: ‘‘वर्षभर काय झालं तर मी आहे की.’’ ती लिहून घेताना मलाच अवघडल्यासारखं झालं, तरी घेतली. आणि सगळेच मेस्त्री असे नसतात. बेल्ट काढायच्या आधी व्हाइटनरचे ठिपके मारून टायमिंग ‘धरणारे’ बरेच आहेत. जुन्या इंजिनांना ते चालून जायचं. तुटलेल्या बेल्टवर तर ठिपक्यांना काही अर्थच नसतो. एकच प्रश्न विचारा: या इंजिनाच्या लॉकिंग पिना (क्रँक आणि कॅम नेमक्या जागी अडकवून धरणाऱ्या) आहेत का, दाखवा. नसतील तर गाडी टोइंगवरून उतरवू नका. आणि सगळं बसवल्यावर सेल मारायच्या आधी पान्यानं क्रँक पुरते दोन फेरे हातानं फिरवतात का, ते उभं राहून बघा.

फेसिंगचं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करण्याचंही तसंच. काही डिझेल हेडना कंपनी फेसिंगची परवानगी देत नाही. माझं हेड नुसतं पट्टी लावून सपाट आहे का बघितलं आणि तसंच ठेवलं. ‘घासून देतो’ म्हणणाऱ्या मशिनशॉपला मेस्त्रींनीच थांबवलं.

भंगारातून जुनं इंजिन आणून बसवणं हा तिसरा मार्ग सुचवणारेही भेटतील. इंजिन नंबर बदलतो, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या इंजिनाचा बेल्ट किती जुना हे देवच जाणे. मी त्या वाटेला गेलो नाही.

भांडणाच्या बाबतीत मात्र पारडं कंपनीकडं झुकतं, हे कबूल करायला हवं. तिथं भांडायला कागद असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, वकील लागतोच असं नाही, आणि वस्तूसाठी किंवा कामासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जुन्या बिलाचा आणि बेल्टच्या उसवलेल्या कडेचा फोटो जोडला. वर्कशॉपचं उत्तर आलं: टेन्शनर त्या वेळी तपासला होता, सुस्थितीत होता. दीड महिन्यानं बेल्टच्या कामाची तेव्हाची मजुरी, 6,400 रुपये, ‘सदिच्छा म्हणून’ परत आली. आयोगात गेलो नाही. टेन्शनर हातात असता तर गेलो असतो. मेस्त्रीशी वाद झाला असता तर हेल्पलाइनला मी काय जोडलं असतं? एक लेटरहेड.

तरीही कुणी विचारलं तर मी सांगतो: गाडी वॉरंटीत किंवा वाढीव वॉरंटीत असेल तर दुसरीकडं बघूसुद्धा नका, कंपनीतच न्या. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्टसारखा ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट असेल तर ते इंजिन आधी उघडलेला माणूसच शोधा, मग तो कुठलाही असो. बाकीच्यांनी ओळखीतून मेस्त्री शोधावा. आणि जाल तिथं, सही करायच्या आधी, जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहा: ‘काढलेले सर्व जुने भाग मालकास परत द्यावेत.’ रकान्यावर खूण करून भागत नसतं, असं माझं आपलं मत.

गाडी आता 1,61,000 ला आहे. किलोमीटर अजून उरलेत, पण वर्षं भरत आली म्हणून मागच्या आठवड्यात मेस्त्रींना फोन केला. म्हणाले, ‘‘किट तुम्हीच घेऊन या, बिल तुमच्या नावावर होतंय. आणि सकाळी लवकर या. नऊ वाजले की खुर्ची मिळत न्हाई.’’