स्लीव्हनंतरची दुसरी सर्जरी, तीही स्वतःच्या पैशाने: सुरत, मुंबई, नाशिकचे सर्जन बघून मग ठरवलं, त्याचा रिव्ह्यू

अमळनेरहून लिहितेय. माझी स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग कापून नळीसारखं अरुंद करायची सर्जरी, २०१८ ला झाली, वजन ११४ वरून ७६ वर आलं होतं, नंतर कोविडच्या काळापासून हळूहळू चढत चढत ९३ ला येऊन टेकलं. पण वजनापेक्षा जास्त त्रास ॲसिडिटीचा होता, साधी जळजळ नाही, रात्री झोपेत आंबट पाणी घशात यायचं आणि ठसका लागून उठून बसायचं, पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावल्या होत्या, पॅन्टोप्रेझॉल सकाळ-संध्याकाळ चालू, तरी तेच. शेवभाजीचा रस्सा सोडा, साधं वरण-बट्टी खाल्लं तरी रात्र बसून काढायची.

सर्जनचं नाव लिहीत नाहीये. दोन ठिकाणचा अनुभव पटला नाही, त्यांना त्यांची बाजू इथे मांडता येणार नाही. आणि तिसऱ्याचं नाव लिहिलं तर लोक फक्त नाव वाचून जातील, मला तर सांगायचंय की मी निवड कशावरून केली, म्हणजे तुमच्या गावाजवळच्या सर्जनलाही तुम्ही तेच विचारू शकाल.

आधी पैशाचं. पॉलिसी होती, पण आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमात लठ्ठपणाच्या सर्जरीसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त पाहिजे, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), नाहीतर कंट्रोलमध्ये नसलेली टाईप २ ची शुगर. माझा बीएमआय ३७-३८ आणि आजार रिफ्लक्सचा, म्हणजे पोटातलं ॲसिड वर घशाकडे येण्याचा, त्या यादीत तो नाहीच. क्लेम नामंजूर. मग काय, पाटल्या आणि पोहेहार बँकेत ठेवून गोल्ड लोन काढलं, थोडे कापसाचे आले ते टाकले. खिशातून पैसे जाताना माणूस सगळ्यात स्वस्त पॅकेजकडे ओढला जातो हे मी समजू शकते, पण रिव्हिजनमध्ये, म्हणजे आधीच्या सर्जरीवर केलेल्या दुसऱ्या सर्जरीत, तेच करू नका असं मी हात जोडून सांगेन. पहिल्या सर्जरीपेक्षा रिव्हिजनमध्ये लीकचा, म्हणजे शिवलेल्या जागेतून आतलं बाहेर गळण्याचा, धोका जास्त असतो, कारण आत जुने स्टेपल, जुने व्रण, चिकटलेली आतडी, सगळं असतं. आणि लीक झालं तर आयसीयूच्या बिलापुढे पॅकेजमधले वाचवलेले पन्नास हजार कुठल्या कुठे जातात.

सुरतला आधी गेले कारण अमळनेरहून ताप्ती लाईनने सरळ गाडी आहे आणि उधन्याला मावशी राहते. तिथे डॉक्टरच्या आधी काउन्सेलर भेटली, तिने वजन-उंची घेतली आणि लगेच पॅकेज सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बुक केलं तर सूट. डॉक्टर आत आले, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले री-स्लीव्ह करू, पोट मोठं झालंय ते परत कापू. मी विचारलं की स्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघणं)? म्हणाले ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करू. आता बघा, मला जळजळ एवढी होतेय, स्लीव्हमुळे रिफ्लक्स वाढू शकतो हे तर आता सगळेच मानतात, मग आत काय झालंय ते न बघता परत तीच स्लीव्ह अजून अरुंद करायची? पोटातला दाब अजून वाढला तर? यावर उत्तर नीट आलं नाही. मावशी बाहेर बसलेली होती, तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, पैसा परत ई, पोट एकच शे ना माय. तिथून परत आलो.

मुंबईचे सर्जन हुशार होते यात शंका नाही, नाव मोठं, हॉस्पिटल मोठं. त्यांनी मिनी बायपास सुचवला, बायपास म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती सरळ पुढच्या आतड्याला जोडायची. मी विचारलं मिनी का, रू-एन-वाय (आतडं वाय आकारात जोडायचा बायपास) का नाही, कारण मी वाचलं होतं की मिनीमध्ये आतड्याचा जोड एकच असतो आणि पित्त वर पोटात येऊ शकतं, ज्याला आधीच रिफ्लक्स आहे त्याच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा. ते म्हणाले आम्ही सगळ्यांना हीच करतो, रिझल्ट चांगले आहेत. असतीलही, पण माझ्या पोटाबद्दल ते बोलत नव्हते. एस्टिमेट हातात आलं त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, स्टेपलर कार्ट्रिज (पोट कापून शिवायच्या मशीनच्या पिनांचे डबे) वापराप्रमाणे वेगळे. म्हणजे किती लागतील, एकाची किंमत काय, काहीच नाही. रिव्हिजनमध्ये जुना भाग जाड झालेला असतो, कार्ट्रिज कमी-जास्त लागू शकतात हे मान्य आहे, पण एकाचा दर तरी लिहून द्यायला काय हरकत होती. आणि सर्जरी स्वतः तेच करणार का हे विचारल्यावर "टीम करते" एवढंच.

आता नाशिक. इथे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगितलं की पहिल्या ऑपरेशनची ओटी नोट आणा. डिस्चार्ज कार्ड नाही, ओटी नोट, ज्याच्यात कुठली नळी आत ठेवून पोट कापलं, स्टेपलर किती वेळा मारला, हर्निया दिसला का हे सगळं लिहिलेलं असतं. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं. जुन्या हॉस्पिटलला मागायला गेले तर म्हणे रेकॉर्ड काढून टाकलं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरांनी ३ वर्षं ठेवायचं असतं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. म्हणून ज्यांची पहिली सर्जरी नुकतीच झालीय त्यांनी आजच लेखी अर्ज देऊन कॉपी काढून घ्या, तुम्हाला रिव्हिजन लागो न लागो.

नोट नाही म्हटल्यावर सर्जन चिडले नाहीत, म्हणाले मग आपल्याला आत बघूनच कळेल. स्कोपी त्यांनी स्वतः केली, बेरियम स्वॉलो करायला लावला. ते पांढरं घट्ट औषध पिऊन एक्स-रे मशीनपुढे उभं राहायचं, मग फिल्म लाईटच्या बॉक्सवर लावून त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं: ताई हे बघा, वरचा हा फुगलेला भाग पहिल्या वेळी राहून गेलाय, आणि इथून पोट छातीच्या पडद्यातून वर सरकलंय, हा हर्निया, आणि तुमच्या अन्ननलिकेला खाली जखमा आहेत. मग कागदावर माझं पोट जसं आहे तसं काढलं आणि बाजूला जसं करायचंय तसं. बायपासमध्ये वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी राहते, आतडं वाय आकारात जोडायचं, हर्निया त्याच वेळी शिवायचा. मी ब्लाऊज शिवते, जुनी शिवण उसवून परत शिवायची तर आधी कापड हातात घेऊन बघावं लागतं, हा माणूस तेच करत होता, म्हणून मला विश्वास वाटला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. म्हणाले, नुसतं वजनच कमी करायचं असतं तर मी आधी इंजेक्शन करून बघा म्हटलं असतं, मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ पासून मिळतंय, पण तुमचा हर्निया इंजेक्शनने जाणार नाही, आणि त्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं म्हणून रिफ्लक्स वाढूही शकतो. आणि हेही स्पष्ट सांगितलं की दुसऱ्या सर्जरीत पहिल्या वेळेइतकं वजन उतरत नाही, ७० च्या खाली जाईन अशी आशा धरून येऊ नका. ज्याला ऑपरेशन विकायचं असतं तो असं बोलत नाही.

मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः किती रिव्हिजन केल्या, किती लीक झाले, लीक झालं तर काय करता. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही काढून आकडे सांगितले आणि दोन पेशंटना विचारून त्यांचे नंबर दिले. त्यातल्या एका बाईला खरंच लीक झालेलं होतं. मी तिच्याशी खूप वेळ बोलले, आयसीयूत राहिली, आतलं पाणी काढायला नळी लावलेली, घरच्यांचे हाल झाले, पण ती म्हणाली डॉक्टर रोज सकाळी आणि रात्री स्वतः यायचे, माझ्या नवऱ्याला एकही गोष्ट लपवली नाही. त्या फोननंतर माझं ठरलं. सगळं छान झालेले पेशंट तर कुठलाही सर्जन दाखवतो, पण ज्याचं बिघडलं त्याचा नंबर द्यायला हिंमत लागते.

एस्टिमेट लेटरहेडवर एकेक ओळीत होतं: ओटी, भूल, रूम, आयसीयूचा एक दिवस, तपासण्या, कार्ट्रिजचा एकाचा दर आणि अंदाजे किती लागतील. ३० दिवसांत काही कॉम्प्लिकेशन झालं तर सर्जनची फी नाही, बाकी औषधं आणि आयसीयू आमच्याकडे, हे पण लिहून. सगळं मिळून साडेचार लाखांच्या आसपास गेलं, आणि मिस्टरांनी एक लाख वेगळे बाजूला ठेवले होते ते सुदैवाने लागले नाहीत. लेटरहेडवरचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर टाकून बघितला, हे काम तुम्हीही करा, नावापुढची अक्षरं कितीही लांब असू द्या, त्यातली काही छोट्या कोर्सची असतात.

सर्जरीआधी मला मिसरी बंद करायला लावली. आमच्याकडे बायका मिसरी लावतात आणि त्याला तंबाखू समजतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" असं न विचारता "दाताला काय लावता" असं विचारलं, आणि सांगितलं की बायपासनंतर निकोटीनने जोडावर अल्सर होतो. तसंच दुखण्याच्या गोळ्यांचं. कॉम्बिफ्लाम, डायक्लो, ही इंजेक्शनं-गोळ्या आपल्या तालुक्यात पाठ दुखली की देऊन टाकतात, बायपासवाल्याला त्या चालत नाहीत. त्यांनी एक कार्ड दिलंय, त्यावर कुठली सर्जरी झाली ते चित्रासकट, नाकातून नळी अंदाजाने घालू नये, पोटात अचानक कळ येऊन थांबली नाही तर सीटी करून लगेच फोन करावा, कारण बायपासनंतर आतडं आत अडकू शकतं, असं सगळं लिहिलंय. कार्डाची एक झेरॉक्स आमच्या फॅमिली डॉक्टरकडे दिली, एक पर्समध्ये असते. नाशिक अमळनेरहून काही जवळ नाही, रात्री काही झालं तर पहिला हात इथल्याच डॉक्टरचा लागणार, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता काय कमी वाटलं ते. ओपीडीत अपॉइंटमेंट असून दुपार जाते, लांबून आलेल्यांना काही वेगळी सोय नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगने सकाळपासून संध्याकाळ केली, बसायला धड जागा नाही, टाके असलेला माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर किती बसणार. आणि डायटिशियनचा पहिला चार्ट बघून मला रडू यायचं बाकी होतं, ओट्स, किन्वा, ॲव्होकॅडो, रोज ६०-७० ग्रॅम प्रोटीन पाहिजे म्हणून महागडी पावडर. मी तिला म्हटलं ताई आमच्याकडे काय मिळतं ते विचारा ना. मग मात्र तिने बसून सगळं बदललं, आधी डाळीचं पाणी आणि ताक, मग मऊ मूग, अंडी, घरचं पनीर, मठाची उसळ बारीक करून, आणि फार पुढे जाऊन कळण्याच्या भाकरीचा छोटा तुकडा वांग्याच्या भरताबरोबर, तेल कमी. पावडर थोडे दिवस घ्यावीच लागली. पण हा चार्ट पहिल्यांदाच मिळायला हवा होता, खान्देशातून पेशंट एवढे जातात तिथे.

आत्ता ९३ वरून ७९ वर आहे. रात्रीचं आंबट पाणी ऑपरेशननंतर लवकरच थांबलं, पॅन्टोप्रेझॉल सर्जन सांगतील तोपर्यंत चालू ठेवलीय. केस मध्ये खूप गळले, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं, आयर्न चालू आहे. कॅल्शियम आणि आयर्न एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास ठेवायचे, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय. बी१२, डी, कॅल्शियम, आयर्न, हे आता जन्मभर, त्याचा महिन्याचा खर्च आणि वर्षातल्या रक्त तपासण्यांचा खर्च पण लोन काढतानाच धरा, पॅकेजमध्ये तो कधीच नसतो.

फॉलोअपला दरवेळी नाशिकला जावं लागत नाही, अमळनेरच्याच लॅबला रक्त देऊन पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, बहुतेक वेळा सर्जनचं स्वतःचंच. पुढची स्कोपी वर्षाने आहे, अन्ननलिकेच्या जखमा भरल्या का बघायला, तिचे पैसे वेगळे लागतील हे त्यांनी आधीच लिहून दिलंय.